१.०२८ वर अडकलेली डेझर्ट वाइन: गोड लागतेय म्हणून लगेच बाटलीत भरू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बारा लिटरचं डेझर्ट वाइनचं किट (दाट रस, यीस्ट आणि बाकीची पाकिटं असलेला घरी वाइन करायचा संच) लावलंय, सुरुवातीला एसजी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर जास्त तेवढा आकडा मोठा) १.१२० होती, तीन आठवडे झाले, आता आठवडाभर हायड्रोमीटर (एसजी मोजायची तरंगती नळी) १.०२८ वरून हलत नाहीये, एअरलॉकचे (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झाकणावरची झडप) बुडबुडे बंद, चाखून बघितली तर मस्त गोड लागतेय, आणि गोडीचं वेगळं पाकीट अजून खोक्यात तसंच पडलंय. मग आहे तशीच बाटलीत भरली तर काय बिघडलं, की पाकीट घालायलाच हवं?

आत्ता दोन्ही नको. भरूही नका आणि पाकीटही फोडू नका.

तुम्ही विचारताय गोडी पुरेशी आहे का, पण खरा प्रश्न तो नाहीचे. खरा प्रश्न असा की जी साखर वाइनमध्ये शिल्लक आहे तिच्यावर यीस्ट पुन्हा ताव मारणार की नाही. थोडा हिशोब करू. १.१२० मधून १.०२८ वजा केले तर ०.०९२, त्याला १३१ ने गुणलं की साधारण १२ टक्के अल्कोहोल येतं. आणि १.०२८ ला लिटरमागे ९० ते १०० ग्रॅम साखर शिल्लक असते, हायड्रोमीटरवरच्या साखरेच्या पट्टीवर ती कमी दिसते कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे रीडिंग खाली ओढतं. आता तुलनेसाठी हे बघा, शॅम्पेनमध्ये बाटलीतला फेस आणायला लिटरमागे साधारण २४ ग्रॅम साखर घालतात आणि तेवढ्यात आत सहा ॲटमॉस्फिअरच्या आसपास दाब तयार होतो, त्यासाठी ती जाड काचेची बाटली आणि वर तारेने बांधलेलं बूच लागतं. तुमच्याकडे त्याच्या चौपट साखर आहे आणि बाटल्या साध्या. पूर्ण साखर खाल्ली जायच्या कितीतरी आधी बुचं उडतील, आणि बूच घट्ट बसलेलं असेल तर काच फुटेल, जे जास्त वाईट. त्यामुळे 'चव छान आहे' हा बाटली भरायचा निकष होऊच शकत नाही, कोरड्या वाइनमध्ये एकवेळ चालून जातं पण गोड वाइनमध्ये अजिबात नाही.

आता यीस्ट थांबलंय की संपलंय, हे त्याच्या जातीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही पाकिटावरचं नाव लिहिलेलं नाही. ईसी-१११८ असेल, बऱ्याच किटमध्ये तेच असतं, तर ते १८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. ७१बी असेल तर १४ च्या आसपास. म्हणजे दोन्हीपैकी काहीही असलं तरी १२ टक्क्यांवर थांबायचं त्याला कारण नाही. ते मेलेलं नसावं, दमलंय किंवा गारठलंय. आणि अशा यीस्टचा भरवसा नसतो, हवा जरा उबदार झाली की दोन-तीन महिन्यांनी बाटलीतसुद्धा जागं होतं.

पण त्याही आधी रीडिंग खरं आहे का ते बघा. नव्या लोकांच्या अडकलेल्या फरमेंटेशनमधली, म्हणजे आंबण्याच्या क्रियेतली, निम्मी प्रकरणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. वाइनमध्ये गॅस भरपूर विरघळलेला असतो, त्याचे बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटतात आणि त्याला वर उचलतात, त्यामुळे आकडा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. नमुना बाटलीत घेऊन चांगला हलवा, गॅस जाऊ द्या, दोनदा-तीनदा करा, मग नळीत ओता, हायड्रोमीटर बोटांनी गरकन फिरवा आणि तो थांबला की वाचा. तापमान हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानाच्या, म्हणजे बहुतेक वेळा २० अंशांच्या जवळपास असू द्या. आणि जर तुम्ही रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर दाखवणारं यंत्र) मोजत असाल तर ते रीडिंग सरळ सोडून द्या, अल्कोहोल आलं की तो भलतंच दाखवतो आणि दुरुस्तीचं गणित केल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. तुम्ही हायड्रोमीटर म्हणालात म्हणून हे फक्त सांगून ठेवतो.

एअरलॉकचे बुडबुडे तर पुरावा म्हणून धरूच नका. झाकणाला बारीक फट असेल तर गॅस तिकडून जातो आणि एअरलॉक ढिम्म. उलट फरमेंटेशन संपलेलं असताना खोली तापली तरी विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि एअरलॉक बुडबुडत राहतो, आपण खूश. विश्वास ठेवायचा तो एसजीवर, आणि तोही दोन-तीन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या.

समजा पुन्हा मोजलं आणि १.०२८ च निघालं. मग कारण शोधायचं. डेझर्ट वाइनच्या किटमध्ये रस मुळातच इतका दाट असतो की यीस्टला पहिल्या दिवसापासून ताण असतो, एवढ्या साखरेत त्याच्या पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. त्यात भर म्हणून काहीतरी एक चुकलं की ते अडकतं. सगळ्यात नेहमीचं कारण तापमान. फरमेंटर, म्हणजे वाइन आंबवायचा डबा, गार फरशीवर ठेवलेला असतो, खोलीत २१ अंश असले तरी आत १६-१७ असतात, कारण सुरुवातीचा जोर ओसरला की वाइन स्वतःची उष्णता तयार करणं बंद करते. दुसरं कारण, सुरुवातीला नीट ढवळलेलं नसणं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे किटमधला दाट रस, जड असतो, तळाला बसतो, वरवर ढवळलं तर वरचा थर पातळ आणि खालचा पाकासारखा, तुमचं १.१२० हे रीडिंगसुद्धा अशा वेळी चुकीचं असू शकतं. किटच्या पत्रकात सुरुवातीच्या एसजीचा पट्टा दिलेला असतो, तुमचा आकडा त्यात बसत होता का ते बघा. तिसरं, सुरुवातीला हवा कमी मिळणं. यीस्टला पहिल्या एक-दोन दिवसांत ऑक्सिजन लागतो, त्यातून ते पुढच्या जास्त अल्कोहोलमध्ये टिकायची तयारी करतं, म्हणून पहिल्या दिवशी जोरात ढवळायला सांगतात, आणि नंतर मात्र हवा लागू देऊ नका म्हणतात. लोकांना यात विसंगती वाटते पण तसं काही नाही, वेळ वेगळी आहे एवढंच. जुनं झालेलं यीस्टचं पाकीट हेही एक कारण असतं.

तर पहिला उपाय सगळ्यात सोपा. फरमेंटर उबदार जागी हलवा, आतली वाइन २२ ते २४ अंशांवर येऊ द्या, आणि धुतलेल्या, सॅनिटाइझ केलेल्या लांब चमच्याने तळाचा गाळ हळूच वर उचलून घ्या. हळूच म्हणजे खरंच हळू, हवा आत घुसळायची नाहीये, तळाशी बसलेलं यीस्ट फक्त पुन्हा तरंगवायचंय. दिवसातून एकदा असं करा, चार-पाच दिवस थांबा, मग मोजा. १.०२४ किंवा १.०२० दिसलं तर प्रश्न मिटला, तसंच चालू द्या. शेवटी शेवटी रोज एक पॉइंट (म्हणजे ०.००१) इतक्या संथपणे उतरेल, उतरू दे, डेझर्ट किटचा शेवट रेंगाळतोच.

नाहीच हललं तर नवीन यीस्ट. पण पाकीट फोडून वरून भुरभुरवू नका, १२ टक्के अल्कोहोलमध्ये कोरडं यीस्ट पडल्या पडल्या मरतं. ईसी-१११८ घ्या, ३५ ते ४० अंश कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा, जमलं तर त्यात यीस्टसाठी मिळणारं रीहायड्रेशनचं पोषक घाला. मग थोडं साखरपाणी घालून ते जोरात चालू होऊ द्या. चालू झालं की त्यात तुमची वाइन घाला, जेवढं स्टार्टर, म्हणजे हे चालू झालेलं यीस्टचं मिश्रण, आहे तेवढीच. थांबा. फेस दिसला की पुन्हा जेवढं झालंय तेवढीच वाइन. असं दुप्पट दुप्पट करत एक-दोन लिटरपर्यंत आणा आणि ते बुडबुडत असतानाच मोठ्या भांड्यात सोडा. याला अर्धा-एक दिवस जातो आणि मधेच कंटाळून सगळं एकदम ओतायचा मोह होतो, तो टाळा, कारण या सगळ्या खटाटोपाचा अर्थच यीस्टला अल्कोहोलची सवय लावणं हा आहे. प्रत्येक वेळी दोन्हींच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त फरक नको.

या टप्प्यावर बरेच जण डीएपी नावाचं यीस्टचं खाद्य टाकायला सांगतील. आत्ता नको. अल्कोहोल ९-१० टक्क्यांच्या वर गेलं की यीस्टला ते घेता येत नाही आणि ते तसंच वाइनमध्ये राहून भलत्या जंतूंची सोय करतं. घालायचंच असेल तर यीस्ट हल्स घाला, म्हणजे मेलेल्या यीस्टची टरफलं, त्यांचा अशा वेळी उपयोग होतो. आणि या सगळ्या काळात सल्फाइट आणि सॉर्बेटची (वाइन टिकवायला आणि यीस्ट रोखायला शेवटी घालायची द्रव्यं) पाकिटं नजरेआड ठेवा. एकदा सॉर्बेट पडलं की फरमेंटेशन पुन्हा चालू करायचं विसराच.

आता तुम्हाला वाटेल की गोड लागतेय तर मुद्दाम कोरडी का करायची, आणि नंतर पुन्हा पाकिटातून गोडी का घालायची, हा उलटा घास कशाला. शंका रास्त आहे. जगातल्या प्रसिद्ध गोड वाइन्स बहुतेक साखर अर्ध्यात राखूनच बनतात. पण त्यांच्याकडे राखायची साधनं आहेत. पोर्ट या पोर्तुगालच्या गोड वाइनमध्ये फरमेंटेशन अर्ध्यावर आलं की ७७ टक्क्यांची द्राक्षांची स्पिरिट ओततात, अल्कोहोल एकदम १९-२० च्या वर जातं आणि यीस्टचा खेळ खल्लास. आइसवाइनमध्ये द्राक्षं वेलीवरच गोठवतात, कॅनडात उणे ८ अंश किंवा त्याखाली, जर्मनीत उणे ७, पाण्याचा बर्फ मागे राहतो आणि रस इतका गोड निघतो की यीस्ट त्यात कधी पोटभर खाऊच शकत नाही. सोतर्न या फ्रान्सच्या गोड वाइनमध्ये बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षं सुकवते, तिथेही रस भलताच दाट, आणि वर थंडी, सल्फाइट, गाळण या सगळ्यांची जोड. यीस्ट खरोखर अडवणारं गाळण म्हणजे ०.४५ मायक्रॉनचं ॲब्सोल्यूट फिल्टर (त्याहून मोठं काही पार होऊ न देणारं), घरगुती पॅड फिल्टरने वाइन चकचकीत दिसते पण यीस्ट पार होतं. तसंच फ्रिजमध्ये ठेवून यीस्ट मरत नाही, फक्त गप्प बसतं.

किट बनवणाऱ्यांनी हे सगळं ओळखूनच रचना केलेली असते. रसातली साखर यीस्टला पूर्ण खाऊ द्यायची, ०.९९८ च्या आसपास किंवा पत्रकात दिलेल्या आकड्याला आणायची, मग यीस्टला वाढता येणार नाही अशी व्यवस्था करायची, आणि मगच पाकिटातली गोडी. म्हणून ते पाकीट वेगळं दिलेलं आहे. तुमच्या १.१२० च्या वाइनला ०.९९८ पर्यंत नेलं तर अल्कोहोल १६ टक्के होतं, आणि डेझर्ट वाइनला तेवढा कणा हवाच असतो, नाहीतर नुसतं गोड पाणी वाटतं. आणि आत्ता १.०२८ वरच तुम्ही ते पाकीट ओतलंत तर वाइन खोकल्याच्या औषधासारखी दाट आणि किळसवाणी गोड होईल, शिवाय यीस्टला आणखी खाऊ.

एक सावधगिरी. काही किटमध्ये दोन पाकिटं असतात, एक साखरेचं, जे फरमेंटेशनच्या सुरुवातीला किंवा काही दिवसांनी अल्कोहोल वाढवण्यासाठी घालायचं, आणि एक शेवटच्या गोडीचं. ही अदलाबदल झाली की सगळा हिशोब कोसळतो. पत्रक पुन्हा एकदा वाचा, तुमच्याकडे उरलंय ते नक्की शेवटचंच ना.

सॉर्बेटबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण याबद्दल फार गैरसमज आहेत. पोटॅशियम सॉर्बेट यीस्टला मारत नाही. ते फक्त यीस्टची नवी पिढी तयार होऊ देत नाही. जे यीस्ट आधीच जिवंत आणि कामात आहे ते सॉर्बेट पडल्यावरही साखर खात राहतं. म्हणून चालू फरमेंटेशन सॉर्बेटने थांबवायला जाणाऱ्यांची फजिती होते, आठवड्याने बघतात तर एसजी अजून उतरतेय. आधी फरमेंटेशन संपलेलं हवं, मग वाइन तळाच्या गाळावरून दुसऱ्या भांड्यात काढलेली हवी, म्हणजे यीस्टची संख्याच कमी झालेली, आणि सोबत सल्फाइट हवं. प्रमाण लिटरमागे ०.२ ते ०.२५ ग्रॅम सॉर्बेट, म्हणजे बारा लिटरला अडीच-तीन ग्रॅम, आणि पोटॅशियम मेटाबायसल्फाइट बारा लिटरला साधारण एक ग्रॅम, त्याने ५० पीपीएमच्या (लिटरमागे ५० मिलिग्रॅम) आसपास सल्फर डायऑक्साइड मिळतो. किटमधली पाकिटं मोजूनच दिलेली असतात, अंदाजाने अर्धं-पाऊण घालू नका. सल्फाइट न घालता नुसतं सॉर्बेट कधीच नाही, कारण लॅक्टिक बॅक्टेरिया सॉर्बेट खातात आणि वाइनला जिरेनियमची पानं चुरडल्यासारखा उग्र वास येतो, तो वास नंतर कशानेही जात नाही. आणि किट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असेल तर सॉर्बेट नवीन आणा, जुनं झालं की त्यात दम राहत नाही.

मग क्रम असा की एसजी तीन दिवस हललेली नाही आणि पत्रकातल्या आकड्याला आलीय, वाइन गाळावरून काढलीय, सल्फाइट आणि सॉर्बेट थोड्या पाण्यात विरघळवून घातलंय, आणि गॅस काढलाय. गॅस काढताना हात आखडता घेऊ नका, ड्रिलला लावायची दांडी मिळते ती वापरा, थोडं थोडं दोन-तीन दिवस करा. दाट वाइनमध्ये गॅस चिकटून राहतो, तो तसाच राहिला तर वाइन स्वच्छ करायची पावडर किंवा द्रव घातला तरी गाळ नीट बसत नाही, आणि जिभेला चुणचुण लागते ती गोड वाइनमध्ये फारच खटकते. यानंतर गोडीचं पाकीट.

पाकीट मात्र डोळे झाकून पूर्ण ओतायचं नाही, हे माझं मत, पत्रकात काहीही लिहिलेलं असो. आधी अर्धं घाला, ढवळा, चाखा. नाहीतर चार ग्लासांत शंभर-शंभर मिली वाइन घेऊन त्यात वेगवेगळ्या प्रमाणात मोजून घाला आणि घरातल्या कोणाला तरी न सांगता चाखायला द्या. ताज्या वाइनमध्ये अल्कोहोल टोचतं, म्हणून आपण गोडी जास्त घालायला जातो, सहा महिन्यांनी ती टोच गेलेली असते आणि गोडी वरचढ झालेली असते. शंका आली तर कमीच ठेवा, नंतर वाढवता येते, काढता येत नाही. आणि गोडी बरोबर असूनही वाइन सपक, जड वाटली तर बहुधा आंबटपणा कमी पडतोय, थोडं टार्टरिक ॲसिड त्याच ग्लासांत घालून बघा, फरक लगेच कळतो. पाकिटामुळे वाइन पुन्हा गढूळ होईल, घाबरू नका, म्हणूनच स्वच्छ करायचं काम त्यानंतर ठेवलेलं असतं.

आता समजा सगळे उपाय करून झाले, नवीन यीस्टही हरलं आणि वाइन १.०२८ लाच बसलीय. होतं असं कधीकधी, यीस्टला खेचून आणायचीही मर्यादा आहे. मग तुमच्यापुढे दोन रस्ते. एक, आहे तीच गोड वाइन मानायची, पाकीट घालायचं नाही, थंड जागी स्वच्छ होऊ द्यायची, गाळावरून दोनदा काढायची, सल्फाइट-सॉर्बेट पूर्ण मात्रेत, आणि बाटलीत भरायची घाई न करता एअरलॉक लावून कार्बॉयमध्येच (अरुंद तोंडाची मोठी बरणी) काही महिने ठेवायची. मध्यंतरी खोली एकदा तरी चांगली उबदार होऊन गेलेली असावी, तरच परीक्षा झाली म्हणायची. दुसरा रस्ता पोर्टवाल्यांचा, ब्रँडी घालून अल्कोहोल २० टक्क्यांवर न्यायचं. पण इथे हिशोब बघा, १२ टक्क्यांच्या बारा लिटर वाइनला २० वर न्यायला ४० टक्क्यांची ब्रँडी ४.८ लिटर लागते, म्हणजे तुमची वाइन जवळजवळ दीडपट पातळ झाली, गोडीही उतरली, चव ब्रँडीची. तेच १६ टक्क्यांवरून जायला २.४ लिटर पुरते. म्हणून फॉर्टिफाय करायची, म्हणजे बाहेरून दारू घालून अल्कोहोल वाढवायची, इच्छा असली तरी आधी फरमेंटेशन पुढे ढकलायचा प्रयत्न करणंच शहाणपणाचं. ब्रँडी विकतची घ्यायची, घरी दारू गाळण्याचे उद्योग नकोत, ते जवळपास सगळीकडे बेकायदा आहेत आणि धोक्याचे तर आहेतच.

बाटली भरायच्या आधी एक स्वस्तातली चाचणी सांगतो. एक अर्धा लिटरची सोड्याची प्लास्टिकची बाटली स्वच्छ करून तुमच्या वाइनने भरा, झाकण घट्ट लावा आणि घरातल्या सगळ्यात उबदार कोपऱ्यात ठेवा. दर दोन-चार दिवसांनी दाबून बघा. महिन्याभरात बाटली टणक झाली तर आत फरमेंटेशन चालू आहे, काचेला हात लावू नका. मऊच राहिली आणि कार्बॉयमधली एसजीही महिन्याच्या अंतराने तीच आली, तर भरा. ३७५ मिलीच्या छोट्या बाटल्या घ्या, अशी वाइन एका बैठकीत फार प्यायली जात नाही, गाळ जाऊन तुमच्या तीसेक बाटल्या होतील. बुचं लावल्यावर तीन दिवस उभ्या ठेवा, मग आडव्या करा. निदान सहा महिने तरी हात लावू नका, वर्षभर थांबलात तर आणखी छान.

आणि एखाद-दोन बाटल्या उत्साहात आधीच भरून झाल्या असतील तर त्या आत्ताच फ्रिजमध्ये ठेवा, पूर्ण गार झाल्यावर जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, तोंड आपल्यापासून लांब धरून उघडा आणि परत कार्बॉयमध्ये ओता.

यीस्टच्या पाकिटावरचं नाव, फरमेंटरच्या आतलं तापमान, गॅस काढून घेतलेलं नवं रीडिंग, आणि किटच्या पत्रकात शेवटची एसजी किती दिलीय, एवढं कळवा. त्यावरून नुसतं गरम करून भागेल की सरळ स्टार्टर लावावं लागेल, ते सांगता येईल.